नववी पिशवी

अजिनाथचा फोन आला तेव्हा पुष्पावती आपल्या शेततळ्याच्या बांधावर उभी राहून माशांना पेंड टाकत होती. अजिनाथ कर्जतचा, तिचं जुनं गिऱ्हाईक. दीड महिन्यापूर्वी त्यानं तिच्याकडूनच बोटाएवढी रोहू-कटल्याची पिलं नेली होती.

"काकू, तुमच्या मालात मांगूर निघाला. बंदी हाय तो मिशीवाला मासा. माझी पिलं खात चाललाय. मत्स्यखात्याच्या मॅडमला घेऊन येतोय तुमच्याकडं."

"जीभ झडंल तुझी!" पुष्पावती कडाडली. "माझं बीज सरकारमान्य मत्स्यबीज केंद्राचं हाय. दुसरीकडनं आनलं असशील आन् माझ्या गळ्यात मारतोयस!"

तिनं फोन ठेवला. मांगूर सापडला की खातं तळं रिकामं करून सगळे मासे पुरायला लावतं, हे तिला ठाऊक होतं. आत वीस हजार मासे होते. नवरा गेल्यावर पुन्हा ऊसतोडीचा कोयता धरायचा नाही, म्हणून तिनं हे तळं उभं केलं होतं. ते गेलं की कोयता आलाच.

घरात जाऊन तिनं पत्र्याची पेटी उघडली. कागदाला बाई भारी चोख! केंद्राची पावती, पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या, सगळं जागच्या जागी. आठ पिशव्या, आठ चिठ्ठ्या. "आता ये म्हनावं," ती पुटपुटली, आणि तिनं चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. तळ्यात सोडलेल्या पिशव्या नऊ होत्या.

नववी तिनंच मागून घेतली होती. बीज आणणारा टेम्पोवाला दिलावर निघाला तशी ती आडवी आली होती, "एवढा माल घेतला, वरताळा कुठाय? भाजीवाली बी मूठभर जास्त टाकती!" दिलावर भिडस्त माणूस. कुणाची तरी उरलेली एक पिशवी कोपऱ्यात पडली होती, ती त्यानं काढून दिली. "कुठली हाय ठाव न्हाई, आक्का," असंही म्हणाला होता. जिऱ्याएवढी पिलं, त्यात रोहू कोणता नि मांगूर कोणता, कुणाला कळणार? आणि फुकट म्हटल्यावर आपली बाई विचारतेय कशाला!

जाळं घेऊन ती तळ्याकडे धावली. पहिल्या फेकीत रोहू आणि कटला. दुसरीतही तेच. जिवात जीव आला. तिसऱ्यांदा तिनं जाळं पार तळाला बसू दिलं. ओढलं, तर त्यात वीतभर लांब, काळा, बिनखवल्यांचा मासा मिशा हलवत होता.

इकडेतिकडे बघून तिनं तो बाभळीखाली पुरला. एकच असेल. कागद तर चोख आहेत, अजिनाथ खोटा पडला तर पडू दे. मग तिच्या मनात आलं, आपली पिलं आणखी कुठं कुठं गेली?

आणि तिला गावतळं आठवलं. पहिली विक्री झाली की एक माप पिलं देवीच्या नावानं गावतळ्यात सोडायची, हा तिचा नेम होता. यंदाही हळदकुंकू वाहून सोडली होती. त्या तळ्यातल्या माशांवर मच्छीमार सोसायटीची अकरा घरं जगत होती. शिवाय गावतळं काठोकाठ भरून सांडव्यावरून पाणी ओढ्यात जात होतं, ओढ्यातून नदीत. शेततळं पंपानं उपसता येतं. नदी कोण उपसणार?

जीप येऊन थांबली. मत्स्यखात्याच्या राजेश्वरी मॅडम अजिनाथबरोबर उतरल्या. पुष्पावतीनं कागद पुढं केले. मॅडमनी पावती आणि चिठ्ठ्या ताडून पाहिल्या.

"सगळं बरोबर आहे," त्या अजिनाथला म्हणाल्या. "मांगूर तुमच्याकडे दुसरीकडून आला असणार."

अजिनाथची मान खाली गेली. "चुकलो असंन, काकू."

आता नुसतं गप्प बसायचं होतं. तळं वाचलं होतं. पुष्पावतीनं पदरानं तोंड पुसलं, पण घाम काही थांबेना.

"नऊ हुत्या, मॅडम. नववी बिनचिठ्ठीची. त्यातली पिलं मी गावतळ्यात बी सोडलीत. माझं तळं कुठं पळून जात न्हाई, ते मागनं उपसा. आधी सांडव्याला जाळी लावा."

मॅडमनी कागद मिटले. "सांडवा कधीपासून वाहतोय?"

"पंधरा दिस झालं," पुष्पावती म्हणाली आणि ओढा नदीकडं गेला होता त्या बाजूला बघू लागली.