गफूरचाचांचं काळं मैदान

उघडी टाच जमिनीवर आपटून आतून पोकळ नाद उमटला, की मैदानाची निगा राखणारे गफूरचाचा तिथंच उकिडवे बसत. चैत्रातल्या प्रखर उन्हानं आमच्या फुटबॉल क्लबाचं मैदान भेगाळून जाई; एकेक भेग चाळलेल्या मुरमानं बुजवताना त्यांची बोटं अशी चालत, जणू झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करताहेत.

परभणीवर तेव्हा निजामाचा अंमल होता. मैदान सरकारी, आणि तिथं कापसाच्या गठाणी रचायला एक जिनिंगवाला टपलेला. मैदान कुणाला, याचा फैसला जिल्ह्याचे तालुकदारसाहेब आमचा एक सामना पाहून करणार होते. नेमकी आदल्या दिवशी चाचांची लेक जिंतूरला बाळंत झाली. निघताना मला, म्हणजे क्लबाच्या चिटणिसाला, त्यांनी बजावलं, "मास्तर, धूळ उडू द्या. काळीला पानी दाखवू नका. लय लोचट हाय ती."

मी मान डोलावली. त्या कलेत माझा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. पण ती दुपार मला धड बसू देईना. वारा सुटला, धूळ उठली, आणि साहेबांची शुभ्र शेरवानी माझ्या डोळ्यांपुढे मातकट होऊ लागली. दिवस मावळायच्या आत मी रेड्यावरच्या सहा पखाली मैदानात रित्या करवल्या, आणि मृद्गंधात न्हात स्वतःच्या अकलेवर खूश झालो.

सकाळी मैदान दिसायला मखमल. वरची साय सुकलेली, खाली नुसता चिखल. साहेब पहिली लाथ मारायला पुढं झाले. चेंडू जागचा हलला नाही. बूट मात्र मातीत राहिला. मोज्यातला पाय अधांतरी धरून ते माझ्या खांद्याला टेकले. लोक हसले, साहेबही हसले, आणि हसत हसतच म्हणाले, "मास्तरसाब, यहाँ तो कपास ही ठीक है."

त्याच सकाळी उशिरा चाचा परतले तेव्हा मी मैदानाच्या मध्यात, पायांना मणभर माती घेऊन, शिव्यांची वाट पाहत उभा होतो. त्यांनी चहूकडं नजर फिरवली. "हलत राहा, मास्तर. उभ्या मान्साला ती जास्त धरते," म्हणाले, आणि खोरं खांद्यावर टाकून चालू लागले. मी चिखलातून पाय उपसेपर्यंत ते दिसेनासे झाले.

गठाणी आल्या, निजामी गेली. चाचा लेकीकडं गेले ते गेलेच. जिंतूर काही फार लांब नाही. कितीदा तरी मी मोटारीच्या अड्ड्यावर जातो, मोटार सुटेपर्यंत येरझाऱ्या घालतो आणि घरी येतो. काळानं चाचांना एव्हाना केव्हाच नेलं असेल; पण माफी मागायची राहून गेलेली ती सकाळ अजून मावळत नाही.