माझ्या पोटातलं लेबल

मित्रांनो, मी एक जुना तुर्की ऊद आहे. देवापुढे निखाऱ्यावर टाकतात तो ऊद नव्हे. मी वाद्य आहे. फुगीर पोट, आखूड मान, मागे मुडपलेलं डोकं आणि अकरा तारा. मी वाटतो तितका जुना नाही, हे कळायला टेक्ससमधल्या प्लेनो गावच्या एका कुटुंबाला नऊ वर्षं लागली. मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. वय लपवणाऱ्यांपैकी मी नाही.

माझा जन्म इझमीरच्या एका गल्लीतला, साल एकोणीसशे शहात्तर. नेजाती उस्ता, म्हणजे उस्ताद नेजाती, या कारागिराने अक्रोडाच्या एकवीस पातळ पट्ट्या तापल्या लोखंडावर वाकवल्या आणि संत्र्याच्या फोडींसारख्या एकमेकींना चिकटवून माझं पोट घडवलं. पुढची तबली, म्हणजे तारांखालची पातळ फळी, तो तीन आठवडे तासत होता. जरा तासायचा, बोटाने टकटक करायचा, नाक मुरडायचा, पुन्हा तासायचा. उस्ता काही नामांकित नव्हता. आत स्वतःच्या नावाचं लेबल लावावं, हेही त्याला सुचलं नाही. वाजला की कळेल, म्हणायचा.

आणि मी वाजलो. एका तरुण वादकाबरोबर मी अमेरिकेत आलो आणि तीस वर्षं डेट्रॉइटच्या लग्नांत वाजलो. तुर्की लग्नं, ग्रीक लग्नं, आर्मेनियन लग्नं. या तिघांचं एकमेकांशी फारसं पटत नसे, पण नाचायला तिघांनाही मीच लागायचो. त्या वादकाच्या बोटांनी माझ्या मानेवर खळगे पाडले. एकदा मी गाडीच्या टपावरून पडलो आणि पाठीला चीर गेली. त्याने आतून प्लायवूडची चकती चिकटवली आणि त्याच संध्याकाळी लग्नाला नेलं.

तो गेल्यावर त्याच्या मुलांनी मला एका जुन्या दिव्यासोबत कुठल्याशा दुकानदाराला विकलं. दुकानदाराने कागदाचा तुकडा चहात बुडवला, वाळवला आणि माझ्या पोटात चिकटवला. त्यावर इस्तंबूलच्या एका थोर उस्ताचं नाव होतं आणि साल होतं एकोणीसशे बारा. एका दुपारीत मी चौसष्ट वर्षांनी मोठा झालो.

ते लेबल वाचून चंद्रशेखर यांनी मला घेतलं. मूळचे नागपूरचे, आता प्लेनोत मोठ्या कंपनीत डायरेक्टर. माणूस सज्जन, पण एकही तार न छेडता त्यांनी मला घरी आणलं आणि फायरप्लेसच्या वर टांगलं. दर दिवाळीला पाहुण्यांना माझा इतिहास सांगितला जाई. तिसऱ्या दिवाळीला त्यात सुलतान आला. पाचव्या दिवाळीला सुलतानाची राणी मला वाजवू लागली. दरम्यान माझ्या दोन तारा तुटल्या, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

एकीच्या लक्षात आलं. आश्लेषा, त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी. ती युनिव्हर्सिटीतल्या एका ग्रुपमध्ये ऊद वाजवायला शिकत होती, तेही मान वाकलेल्या उसन्या ऊदावर. त्याच्या खुंट्या इतक्या सटकायच्या, की निम्मा वेळ सूर लावण्यातच जायचा. तिने बाबांकडे मला तीनदा मागितलं. फक्त सेमिस्टरपुरता. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं: “बेटा, इट्स अ म्युझियम पीस.” आणि आता तर माझ्यासाठी काचेची केस मागवली होती. शुक्रवारी ती बसणार, शनिवारी महाराष्ट्र मंडळाचे पंचवीस जण बघायला येणार. एकदा केसला कुलूप लागलं, की आश्लेषाला मी कायमचा काचेआडून दिसणार होतो.

त्याच आठवड्यात नागपूरहून चंद्रशेखर यांचे थोरले भाऊ श्रीराम आले. ते निवृत्त सबरजिस्ट्रार. चौतीस वर्षं खरेदीखतं नोंदवली आणि मागच्या तारखेचे स्टॅम्पपेपर पकडले. त्यांनी मला बघायला मागितलं. थोरल्या भावाला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती.

त्यांनी मांडीवर टॉवेल पसरून मला घेतलं. नागपूरकर असल्याने आधी फोडी मोजल्या. एक डोळा मिटून मान सरळ आहे का ते पाहिलं, खुंट्या फिरवल्या, पोटावर बोटाच्या पेराने ठोकलं. मग आश्लेषाच्या पर्समधला छोटा आरसा आणि फोनचा टॉर्च घेऊन माझ्या पोटात डोकावले.

जेवताना त्यांनी विषय काढला.

“चंदू, हा दस्त मी नोंदवला नसता.”

चंद्रशेखर यांचा घास हातातच राहिला. दादांनी शांतपणे समजावलं. चहा वाळला की कागदाची कड जास्त काळी होते, आमच्याकडचे लोकही चहाच वापरायचे. आणि मुख्य म्हणजे आत दुरुस्तीची चकती आहे, यंत्रावर कापलेल्या प्लायवूडची. लेबलाचा कोपरा त्या चकतीवर चढलाय. म्हणजे दुरुस्ती आधीची, लेबल नंतरचं. “सही आधी की शिक्का आधी, एवढंच तर बघत आलो रे आयुष्यभर.”

“पण दादा, सगळ्यांना सांगून झालंय.” चंद्रशेखर यांनी आवाज खाली आणला. “आणि केस बंदच असणार आहे. आत कोण बघतंय?”

मित्रांनो, खरं सांगतो, त्या क्षणी मलाही मोह झाला. एकोणीसशे बारा हा आकडा अंगाला छान बसला होता.

“सो, तो फेक आहे?” आश्लेषाने विचारलं. जोरजोरात वाजवलेल्या लग्नांची शपथ, मला इतकं कधी लागलं नव्हतं.

“कागद खोटा आहे, पोरी. जमीन खरी आहे.” काकांनी तिचं बोट धरून माझ्या मानेवरच्या खळग्यांवर ठेवलं. “इथे कोणीतरी वर्षानुवर्षं रोज बसलंय. हे चहात बुडवून येत नाही. वाजवून बघ.”

आश्लेषाने बाबांकडे पाहिलं. बाबा ताटाकडे पाहत होते. पण नाही म्हणाले नाहीत. तिने खोलीतून तारांचा नवा संच आणला, अकराच्या अकरा तारा बदलल्या, अर्धा तास सूर लावला आणि पहिला आघात केला.

नऊ वर्षांनी तोंड उघडलं होतं, तरी मी घोगरा झालो नव्हतो. खर्ज माझ्या एकवीस फोडींमधून फिरून बाहेर पडला आणि स्वयंपाकघरातले पेले किणकिणले. उस्ताने तीन आठवडे नाक का मुरडलं होतं, ते त्या घराला त्या दिवशी कळलं. आश्लेषाने डोळे मिटून घेतले होते.

चंद्रशेखर हात धुवायचे विसरून उभे होते. “हा एवढा मोठ्यांदा वाजतो?” ते म्हणाले.

शनिवारी मंडळी आली. काचेच्या केसमध्ये चंद्रशेखर यांची कंपनीतली सन्मानचिन्हं ठेवली होती, तीही छान दिसत होती. मी आश्लेषाच्या मांडीवर होतो. चंद्रशेखर उठले, दोनदा घसा साफ केला. ते वाक्य त्यांना किती जड गेलं, हे फक्त दादांना आणि मला ठाऊक आहे.

“मंडळी, याच्या आतलं लेबल खोटं आहे. मी नऊ वर्षं तेच वाचत बसलो. हा कोणी बनवला, माहीत नाही. वाजवते ती माझी मुलगी आहे.”

मग आम्ही दोघांनी वाजवलं. मंडळाच्या कार्यक्रमात कधी नव्हे ते चहा थंड झाला.

तेव्हा मित्रांनो, जुनं वाद्य घ्यायला गेलात तर आत टॉर्च जरूर मारा. मान बघा, खुंट्या फिरवा, चिरा शोधा. पण त्याआधी ते कोणाकडून तरी वाजवून घ्या. आणि घरी आणल्यावर फायरप्लेसवर टांगू नका. लाकूड सुकतं, तडकतं, आणि त्याहून आधी कंटाळतं. आम्हाला हात लागले की आम्ही झिजतो, हे खरं. झिजू द्या.

मी आता पन्नास वर्षांचा आहे. रोज दोन तास वाजतो. आणि ही पन्नासच्या पन्नास वर्षं माझी स्वतःची आहेत.