त्र्याऐंशी नंबरची कोरी ओळ

मी मृत्यूची नोंदवही बोलतेय. दचकू नका. तुमचं नाव विचारायला मी आलेली नाही.

माझी एक बहीण आहे, जन्माची नोंदवही. आम्ही दोघी एकाच छापखान्यात बांधल्या गेलो. तोच जाड पुठ्ठा, कडेला तेच हिरवं कापड, पाठीवर तेच वर्ष. एकाच हातगाडीवरून ह्या ऑफिसात आलो आणि एकाच टेबलावर दोन बाजूंना बसलो. तिच्यापाशी लोक हसत येत. माझ्यापाशी येणारे समोर खुर्ची असली तरी उभेच राहत. नाव सांगताना ‘आहे’ म्हणत आणि मग जीभ चावून ‘होतं’ म्हणत. वय विचारलं, तर पुढच्या महिन्यात साठ पूर्ण झाली असती असं सांगत. रकाना लहान असतो, त्यात एवढं मावत नाही.

आम्हा दोघींचे धनी म्हणजे नोंदणी अधिकारी. पद ऐकायला मोठं वाटतं. खोली मात्र चार पावलांची होती. एक टेबल, दोन खुर्च्या, एक कपाट आणि दाराशी स्टुलावर शिपाईमामा. साहेब सगळ्यांना एकाच आवाजात विचारत. नाव? वय? कशानं गेले? कधी? तुमचं नातं? समोरचा हुंदके देत असला तरी ह्यांचा आवाज तसाच, वाळलेल्या लाकडासारखा. त्यामुळे गावात त्यांना तोंडावर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘दगड’ म्हणत.

शिपाईमामांना त्याचं कारण ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका बाईला प्रश्न विचारताना साहेबांनाच रडू फुटलं होतं. शेवटी त्या बाईनंच त्यांना पाणी दिलं. त्या गडबडीत तिच्या नवऱ्याचं वय दहा वर्षांनी चुकलं, आणि ते दुरुस्त करून घ्यायला बिचारीला तीन खेपा घालाव्या लागल्या. तेव्हापासून साहेबांनी आवाज कोरडा ठेवला तो ठेवलाच. मामा म्हणत, “अहो, दगड कसला? हा माणूस घाबरतो. आपण रडलो तर दुसऱ्याचं काम बिघडेल म्हणून घाबरतो.”

पण मामांचं कोण ऐकणार?

मी सहा महिन्यांची असताना साहेबांचा मुलगा गेला. अकरा वर्षांचा होता. आठ दिवस ताप होता, नवव्या दिवशी घरातच गेला. शाळा सुटल्यावर तो कधी कधी ऑफिसात यायचा आणि माझ्या कोऱ्या पानांवर शिक्का उमटवू द्या म्हणून बापाच्या मागे लागायचा. “हिच्यावर नाही हं,” साहेब म्हणायचे आणि मला उचलून कपाटावर ठेवायचे. बहिणीवर मात्र त्यानं एकदा उमटवलाच.

त्याला पोहोचवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाईमामा साहेबांच्या घरी गेले. एक म्हातारा सकाळपासून ऑफिसच्या पायरीवर बसून होता. त्याची बायको घरात तशीच पडलेली होती, आणि ऑफिसची चिठ्ठी असल्याशिवाय तिला हलवता येत नव्हतं. चिठ्ठीवर सही करण्याचा अधिकार गावात एकट्या साहेबांना. मामांनी दारातूनच हलक्या आवाजात सांगितलं. साहेबांनी चपला पायात घातल्या.

बायकोनं विचारलं, “कुठं निघालात?”

“येतो,” ते म्हणाले. एवढंच.

त्या एका शब्दानं त्या घराची वाट लावली. हे मला फार उशिरा कळलं.

साहेब आले, म्हाताऱ्याची माहिती आणि सही एका कागदावर घेतली आणि चिठ्ठी देऊन त्याला लगेच पाठवून दिलं. मग दार लोटून त्यांनी मला समोर ओढलं. आपलं काम आहे, करून टाकावं, असं त्यांच्या मनात असावं. ब्याऐंशी नंबरच्या खाली त्यांनी ‘८३’ लिहिलं, छान गोल अक्षरात. मग नावाच्या रकान्यात पेन टेकवलं. उचललं. परत टेकवलं. शेवटी ती ओळ तशीच सोडून म्हाताऱ्याच्या बायकोची नोंद चौऱ्याऐंशी नंबरला करून टाकली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. नोंद करायला एकवीस दिवसांची मुदत असते. एकवीस दिवस रोज सकाळी मी उघडली गेले, पेन टेकलं आणि उचललं गेलं.

इथे आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. नोंद करणारा स्वतःच खबर देणारा होऊ शकत नाही. खबर देणारं माणूस वेगळं लागतं. त्यानं समोर बसून पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि सही करायची. साहेबांच्या घरात असं एकच माणूस होतं. म्हणजे साहेबांना आपल्याच बायकोला ह्या टेबलापुढे बसवून विचारावं लागलं असतं. नाव? वय? कशानं गेला? तुमचं नातं?

त्यांनी विचारलं नाही.

ज्या वहीत एक जरी ओळ बाकी असेल ती वही बंद करता येत नाही, वरच्या मजल्यावरच्या जुन्या दप्तरात पाठवता येत नाही. माझ्या बरोबरीची माझी बहीण वर्ष संपताच वर गेली. माझ्या पाठच्या सगळ्या एकेक करून गेल्या. मी वीस वर्षं साहेबांच्या डाव्या कोपराखाली पडून राहिले.

दरवर्षी तपासणीला वरच्या ऑफिसातून कुणी ना कुणी यायचं आणि शेरा मारायचं, ‘क्र. ८३ कोरा का?’ साहेब खाली लिहायचे, ‘माहिती अपूर्ण.’ ते सगळे कागद माझ्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेले आहेत. पाचव्या वर्षी आलेला तपासनीस कडक होता. ‘खबर देणाऱ्यास समक्ष बोलावून नोंद पूर्ण करावी, अन्यथा कारवाई होईल,’ असं त्यानं लिहिलं. त्याखाली साहेबांनी लिहिलं, ‘खबर देणाऱ्यास विचारणे मला शक्य नाही. कारवाई मान्य आहे.’ कारवाई झाली. त्यांची बढती थांबली, ती कायमची. पुढे बाकीचे वर सरकले आणि साहेब त्याच खोलीत, त्याच खुर्चीत म्हातारे झाले. निवृत्त झाले त्या दिवशी नव्या माणसाला कपाटाची किल्ली दिली, शिक्का दिला आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाले, “ही अपूर्ण आहे. राहू द्या.”

नव्या माणसानं मला कपाटावर टाकलं. चार वर्षं माझ्यावर धूळ बसली.

मग ह्या वर्षी एक बाई आली. तिशीतली, खांद्याला पिशवी. आता ह्या खुर्चीत एक तरुण मॅडम असतात. मुलगी गुणाची आहे, जेवायच्या सुट्टीतही कुणाला परत पाठवत नाही.

“ताई, चोवीस वर्षांपूर्वीची मृत्यूची वही बघायला मिळेल का?” बाईनं विचारलं.

“दाखला हवाय का?”

“नाही. माझे वडील ह्याच खुर्चीत होते. चार महिन्यांपूर्वी गेले. मला त्यांनी लिहिलेली एक नोंद बघायचीय.” पिशवीचा पट्टा सावरत ती म्हणाली, “माझ्या भावाची.”

मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भाऊ गेला तेव्हा ही सात वर्षांची. आई म्हणायची, पोराला पोहोचवून चोवीस तास झाले नाहीत तोवर ह्या माणसानं ऑफिसात जाऊन त्याला वहीत घातलं, जसं गावातल्या कुणालाही घालतो तसं. तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि तोंड फिरवायची. बोललीच तर टोमणा. “मी मेले तर माझी नोंद ह्यांच्या हातची नको हं!” नाही तर, “सगळ्यांचे नवरे मोठे साहेब झाले, आमचे खुर्चीला डिंक लावून बसलेत.” आणि आता साहेब गेले, तर शेवटचं तोंड बघायलाही आई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

“मीही कधी बाबांच्या बाजूनं बोलले नाही,” लेक म्हणाली. “आता रडायला येतं आणि कुणासाठी रडतेय तेच कळत नाही. त्यांनी खरंच त्या दिवशी लिहिलं का, एवढंच बघायचंय.”

मॅडम स्टुलावर चढल्या. मला खाली काढलं, फडक्यानं पुसलं, तारखेचं पान काढलं. लेकीचं बोट ब्याऐंशीवरून खाली आलं आणि थांबलं.

“हे कोरं कसं?”

मॅडमनी मागचे कागद उलगडले. दोघींनी मिळून ते वाचले. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, तिसरं. पाचव्या वर्षाच्या कागदापाशी लेकीनं तोंडाला पदर लावला आणि ती अशी रडली, की पुढची दोन माणसं दारातूनच मागे सरली.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन आली. आई उंबऱ्यातच अडून बसली. “मला कशाला ओढून आणलंस? ह्या खोलीत पाय ठेवणार नाही म्हणून सांगितलं होतं तुला.”

“आई, एकदाच बघ. मग मी कधी नाव काढणार नाही.”

आई खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. लेकीनं पान समोर धरलं. आईला बराच वेळ काहीच समजलं नाही. मग तिनं चष्मा पुसून परत बघितलं.

“ह्यात त्याचं नाव नाही.”

“नाही.”

“मग कुठं लिहिलं?”

“कुठंच नाही, आई. बाबांनी लिहिलंच नाही. कधीच नाही.”

आईनं त्या ओळीवर बोट ठेवलं. नावाच्या रकान्यात, अगदी सुरुवातीला, शाईचे बारीक ठिपके आहेत, एकावर एक दाटलेले. “हे काय?” तिनं विचारलं.

मॅडम वाकून बघत म्हणाल्या, “पेन टेकवून उचललेलं दिसतंय, मावशी. पुष्कळ वेळा.”

मग लेकीनं तो पाचव्या वर्षाचा कागद वाचून दाखवला. ‘खबर देणाऱ्यास विचारणे मला शक्य नाही.’ खबर देणारं माणूस म्हणजे कोण, ते मॅडमनी समजावून सांगितलं. आई ऐकत होती. रडेल असं मला वाटलं होतं. ती रागावली.

“मूर्ख माणूस!” ती समोरच्या रिकाम्या भिंतीला म्हणाली. “विचारायचं होतं मला. एकदा विचारायचं. मी सांगितलं असतं ना हो सगळं!”

मग ती मॅडमकडे वळली. “आता मी सांगितलं तर चालेल?”

इतक्या जुन्या नोंदीला वरचा आदेश लागतो. अर्ज झाला, प्रतिज्ञापत्र झालं. महिन्याभरानं आदेश आला आणि मायलेकी परत आल्या. मॅडमनी मला उघडलं आणि पहिल्याच प्रश्नाला अडखळल्या. “मावशी, हे विचारावंच लागतं. मला माफ करा.”

“विचार, बाळ. तुझं काम आहे ते.”

आईनं नाव सांगितलं. वय सांगितलं. ताप सांगितला, दिवस सांगितला, घड्याळात किती वाजले होते तेही सांगितलं, जसं काही आत्ताच भिंतीकडे बघून आली होती. “तुमचं नातं?” असं विचारल्यावर “आई,” म्हणाली आणि सही केली. सही वाकडी आली. साहेबांच्या ठिपक्यांवरूनच नावाचं पहिलं अक्षर गेलं. चोवीस वर्षांनी त्या ओळीवर शाई पडली. मला ती जड लागली.

काम झालं. लेक उठली. आई उठेना.

“बाळ,” ती मॅडमना म्हणाली, “ह्यांनी हातानं लिहिलेलं आणखी काही आहे का ह्यात?”

“ही सगळी वही त्यांच्याच हातची आहे, मावशी.”

“घरात त्यांची एक चिठ्ठी नाही माझ्याकडे,” आई म्हणाली. “मी कधी लिहायला लावलीच नाही.”

तिनं मला आपल्याकडे ओढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. परक्या माणसांची नावं, परक्यांची वयं, खोकला, पडझड, म्हातारपण. एकेक ओळ बोट लावून, ओठ हलवत. ओळखीचं कुणी निघालं की “अगं बाई, हे ह्यांनी लिहिलं होय,” असं पुटपुटायची. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली तेव्हा ती चाळिसाव्या नंबरपर्यंत आली होती. मॅडमनी किल्ल्या काढल्या, पण वाजवल्या नाहीत. मुठीत धरून उभ्या राहिल्या.

आता माझ्यात कोरी ओळ राहिलेली नाही. उद्या मला बंद करून, दोरी बांधून वरच्या मजल्यावर नेणार आहेत. बहीण तिथेच कुठेतरी असेल. फळी कुठलीही द्या, वाळवीचीही माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. त्या बाईचे गुडघे दुखतात, जिना तिला चढवत नाही. चाळिसाच्या पुढचं तिचं वाचायचं राहिलंय. ती परत आली, तर मला खाली घेऊन या.