हरणाबाईंची कढई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. तेर गावाजवळच्या एका छोट्या शाळेत दुपारच्या जेवणाची भाजी माझ्यातच होते. धाराशिवच्या बाजारातून भागवत गुरुजींनी मला एसटीनं आणलं. स्वयंपाकीण हरणाबाईंनी तेल लावून, तापवून मला कामाला लावलं. त्याला बारा वर्षं झाली.

सुरुवातीला मुलं माझा तळ खरवडून खात. मग शाळेसमोर धनाजीचं दुकान आलं. तिथं चटकदार पुड्यांच्या रंगीत माळा लटकू लागल्या आणि माझ्यातली भाजी उरू लागली. दुसरीतली शिवांजली तर ताटात भाजी वाढूच देत नसे.

एका सकाळी खो-खो खेळताना ती मटकन खाली बसली. डोळ्यांपुढं अंधारी आली होती. गुरुजींनी विचारलं तेव्हा कळलं, आदल्या दुपारपासून तिच्या पोटात पुड्यांशिवाय काही नव्हतं. हरणाबाईंनी तिला गूळ-शेंगदाणे दिले. मग त्या शेगडीपाशी आल्या. आपल्या हाताला चव राहिली नाही, काम सोडते, असं त्यांनी गुरुजींना सांगितलं. गुरुजी म्हणाले, आधी एकदा मुलांनाच विचारून बघा.

दुसऱ्या दिवशी हरणाबाईंनी मुलांना माझ्याभोवती बसवलं. समोर मेथी, शेपू, गाजरं आणि मोड आलेली मटकी मांडली.

"शिवांजली, आज काय करू? तू निवडशील ते करते."

तिनं बराच वेळ पाहिलं. मग मटकीवर बोट ठेवलं. "ही. पण गाजर बी टाका."

गाजरं तिनंच धुतली. जेवताना शेजारच्या मुलीनं नाक मुरडलं, तेव्हा ती म्हणाली, "खाऊन तर बघ. म्या निवडलीया."

तेव्हापासून रोज एक मूल भाजी निवडतं. शेपूच्या वाट्याला अजून कमीच दिवस येतात. पुड्याही पुरत्या सुटलेल्या नाहीत. पण काम सोडायचं नाव हरणाबाईंनी पुन्हा काढलं नाही.

परवा मला घासताना त्या गुरुजींना सांगत होत्या, शिवांजलीनं दुकानात फुटाणे मागितले. धनाजीकडं नव्हते, तर ती काहीच न घेता परत आली. दोन दिवसांनी त्यानं फुटाण्यांचं पोतं आणून दुकानाच्या दारात ठेवलं.

मित्रांनो, माझा एक कान सैल झालाय. कधीतरी मी भंगारात जाईन, त्याचं दुःख नाही. तुमच्या पोटात काय जावं, हे मात्र पुडीच्या रंगाला ठरवू देऊ नका. तुम्ही मागाल, तेच दुकानात येतं.