एकोणिसाव्या दिवसाची नोंद

"अजी, हात द्या. साडेसहा झाले."

"मले नाही लावायचा तो पट्टा."

शकुबाई बीपीचं मशीन घेऊन खाटेजवळ तशीच उभी राहिली. बाबुलालनं चहाचा कप फरशीवर आपटला. "तिकडं पोट्टे हातमोजे मागून राहिले माह्याकडं, अन् इकडं तू हात मागून राहिली."

तो स्कूटर काढून निघून गेला. तिनं काचा गोळा केल्या.

बाबुलालनं चोवीस वर्षं स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवली होती. तीन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत बीपी फार निघालं, म्हणून त्याला खाली उतरवून स्टोअरमध्ये बसवलं होतं. डॉक्टर अनुजांनी गोळ्या दिल्या आणि समजावलं, की राग आला की बीपी आणखी चढतं. वर केबिनमध्ये चक्कर आली तर खालची माणसं जातील. मागच्या खेपेला म्हणाल्या, आता सलग एकवीस दिवस सकाळी घरी मोजा. एकही दिवस चुकवू नका. मग मशीनच घेऊन या, त्यात तारखा राहतात. आकडे ठीक असले तर पुन्हा क्रेनवर चढायला फिटनेसची सही देईन.

तेव्हापासून क्वार्टरमध्ये टीव्ही बंद होता. मुलगी समीक्षा सासरचं रडगाणं सांगायला फोन करी, तेव्हा शकुबाई न्हाणीघरात जाऊन बोले आणि बाहेर येऊन म्हणे, "मजेत आहे पोरगी."

आज एकोणिसावा दिवस. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. तिनं दाराची कडी लावली आणि पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला. या घरात राग न येणारं माणूस तीच होती. आकडा चांगलाच येणार.

एकशे ब्याऐंशी. खाली एकशे दहा.

पट्टा ढिला बसला असेल म्हणून ती पाच मिनिटं थांबली. एकशे शहाऐंशी. तेवढंच पुसून टाकावं म्हणून तिनं बटण दाबून पाहिलं, तर मशीन सगळंच पुसू का विचारत होतं.

पुढचे दोन दिवस बाबुलालनं मुकाट हात दिला. त्यानंतर दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टर मशीनमधली एकेक नोंद मागे जात पाहत होत्या. एकशे अठ्ठावीस. एकशे तीस. मग बोट थांबलं.

"बुधवारी काय झालं होतं? खूप चिडला होतात?"

बाबुलालनं बायकोकडे पाहिलं. त्याच्या कानशिलावरची शीर फुगली. "काय करून ठेवलं तू?"

"ते माहे होय, मॅडम," शकुबाई म्हणाली. "यायनं हात नाही दिला, म्हणून मी लावलं."

"तुमचे?" डॉक्टरांनी मशीन खाली ठेवलं. "तुम्हाला राग येतो का हो?"

"हिले?" बाबुलाल हसला. "हिले कशाचा राग येते? तीस वर्षांत आवाज नाही चढला हिचा."

डॉक्टरांनी त्याची फाइल बाजूला सारली आणि शकुबाईला खुर्चीत बसवलं.

"मॅडम, माह्या फिटनेसवर सही?"

"बाहेर बसा."

तो दारापर्यंत गेला, थांबला, मग गेला. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला. "पाय जमिनीवर टेका. आणि मोजून होईपर्यंत बोलू नका."

शकुबाईनं मान हलवली. एवढं तिला जमत होतं. पट्टा आवळत गेला.