तीन बोटं गवत

आमचं मैदान जाणार हे कळलं तेव्हा रागवायलाही कुणी सापडलं नाही. जागा एका कागद गिरणीची होती. गिरणी बंद पडून कैक वर्षं झाली होती आणि आता तिथे हॉस्पिटल होणार होतं. हॉस्पिटल नको असं कोणत्या तोंडाने म्हणणार? माझा नवरा आमच्या फुटबॉल क्लबचा गोलकीपर. मागच्या वर्षी त्याचा खांदा निखळला तेव्हा त्याला दीड तास गाडीत कण्हत न्यावं लागलं होतं. त्यामुळे क्लबच्या सभेत जागा सोडायचं पत्र वाचून झाल्यावर सगळे नुसते आपापल्या बुटांकडे बघत बसले. हातात दोन महिने होते.

क्लबची सेक्रेटरी मी. मी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही. माझं शिलाईचं दुकान आहे. खेळाडूंच्या शर्टांवर आकडे मी शिवते, त्यामुळे सगळ्यांची मापं माझ्याकडे असतात आणि सगळ्यांचे फोन नंबरही. जुने सेक्रेटरी गाव सोडून गेले त्या सभेत सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, आणि मी नको म्हणेपर्यंत टाळ्या वाजून झाल्या होत्या.

रग्बी क्लबची आणि माझी ओळखही दुकानातलीच. त्यांचे शर्ट दर सोमवारी फाटून येतात. बाही एकीकडे, कॉलर दुसरीकडे. ते घेऊन येते त्यांची अध्यक्ष, दातांची डॉक्टर. रग्बीवाल्यांचे दात पडतात, तीच ते बसवते, आणि पुढच्या आठवड्यात त्यांना पुन्हा मैदानावर पाठवते. त्या सोमवारी शर्टांची पिशवी माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "तुमच्या मैदानाचं ऐकलं. आमचं वापरा ना."

मला वाटलं, आपलं सहज म्हणतेय.

"खरंच सांगते," ती म्हणाली. "आम्ही शनिवारी खेळतो, तुम्ही रविवारी खेळा. आणि खरं सांगू? आमचे संघापुरते पंधराही धड जमत नाहीत हल्ली. मैदानावर माणसं दिसली तर बरं वाटेल."

मी घरी येऊन जेवताना हे सांगितलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, पाण्याचा पेला खाली ठेवला आणि ते उठून गेले.

मामंजी रंगारी होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या भिंतींना हात लावला नाही, पण मैदानाच्या रेघा मात्र चाळीस वर्षं त्यांनीच आखल्या. दर रविवारी उजाडताना ते चुन्याच्या फक्कीची गाडी ढकलत निघायचे, आणि खेळाडू येईपर्यंत पांढऱ्या रेघा अशा पडलेल्या असायच्या, की पहिल्यांदा त्यांच्यावर पाय द्यायला जीव धजावू नये. क्लब सुरू झाला तेव्हा एका पावसाळ्यात आमचं मैदान पाण्याखाली गेलं होतं. तेव्हा मामंजी रग्बीवाल्यांकडे एका सामन्यापुरती जागा मागायला गेले होते. त्या वेळच्या अध्यक्षाने सांगितलं, "लाथा मारायला रस्ता आहे की." ते मामंजींनी गाठीशी बांधून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी अबोला सुरू झाला. काही सांगायचं असलं की नवऱ्याकरवी.

"तुझ्या बायकोला सांग, दूध उतू जातंय."

"बाबा, ती तुमच्या शेजारीच उभी आहे."

"म्हणूनच लवकर सांग."

नवरा बस चालवतो. दिवसभर माणसांची ने-आण करून घरी आल्यावर त्याला आमच्या दोघांमध्ये निरोपांची ने-आण करावी लागत होती. चौथ्या दिवशी तो मला म्हणाला, "काहीतरी कर बाई. माझी ड्यूटी संपतच नाही."

मी विचार केला. समजूत घालून मामंजी हलणार नव्हते. पण काम सांगितलं की त्यांना बसवत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन सरळ त्यांनाच म्हटलं, "मामंजी, पुढच्या सभेत मतदान आहे. त्याआधी कुणीतरी ते मैदान तपासून यायला हवं. उतार, पाणी, मापं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही नाही आलात तर मी जे बघेन तेच सभेला सांगावं लागेल."

 आतून मोजपट्टी गुंडाळल्याचा आवाज आला.

रग्बीचं मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे एक उंच, वाकलेला म्हातारा गवत कापायचं यंत्र उघडून बसला होता. त्याला सगळे कासव म्हणतात. तो खाणीत कामाला होता, आणि तीस वर्षं हे मैदान तोच बघतो. तो उठून उभा राहीपर्यंत मामंजी निम्मं मैदान चालून आले होते.

मामंजी गुडघ्यावर बसले. गवतात हात घालून त्यांनी बोटं मोजली.

"चार बोटं," ते म्हणाले. "इथे खेळायचंय की गुरं चारायची आहेत?"

"माणसं पडतात इथे," कासव म्हणाला. त्याचं बोलणंही चालण्यासारखंच, एकेक शब्द तोलून. "मऊ लागतं. तुम्हाला किती हवं?"

"दोन. चेंडू घरंगळायला हवा."

"दोन बोटांवर माझ्या पोरांची हाडं मोडतील."

"आणि चार बोटांत माझ्या पोरांचा चेंडू हरवेल."

असं बराच वेळ चाललं. मी बाकावर बसून राहिले. मामंजींनी कोपऱ्यातली ओल पाहिली, नळ सोडून पाण्याची चव घेतली, खांबांना हात लावून ते हलतात का पाहिलं. मग एका कोपऱ्यावर उभं राहून त्यांनी एक डोळा मिटला आणि टाकीकडच्या बाजूची लांबलचक रेघ बघितली.

"ही वाकडी आहे," ते म्हणाले.

"नाही," कासव म्हणाला.

"मध्यावर पोटात गेलीय."

"तीस वर्षं इथेच आहे ती."

"मग तीस वर्षं वाकडी आहे," मामंजी म्हणाले आणि मोजपट्टी खिशात टाकून फाटकाकडे निघाले.

परत येताना बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले, हेच मला नवल वाटलं. दोन थांबे गेल्यावर ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "मैदान चांगलं आहे."

मी तिकिटं पर्समध्ये टाकली.

"सभेत तसं सांग. खोटं सांगू नकोस." मग जरा थांबून, "पण तिथे माझं काय काम? तो आहे ना तिथे. त्याचं यंत्र आहे, त्याची खोली आहे, त्याचा चुना आहे. मी रविवारी उठून करू काय?"

चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या लाथांच्या वाक्याचा राग असेल असंच मी धरून चालले होते. तो होताच, पण तो वरचा होता. खाली हे होतं. मला काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण मामंजी माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मला माहीत नाही, मामंजी."

त्यांनी मान हलवली. खरं उत्तर मिळाल्याचं समाधान असावं, किंवा नसावंही.

दोन दिवसांनी सकाळी दुकान उघडलं तर कासव दारात उभा. हातात एक शर्ट होता. शर्टाला काहीही झालेलं नव्हतं. मी उलटसुलट करून पाहिला.

"काय करायचंय याचं?"

"बघा काहीतरी," तो म्हणाला. मग काउंटरला टेकून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "तुमचे सासरे घरी असतील का?"

"असतील. का?"

"मी दोरी लावून पाहिली." त्याने शर्ट माझ्या हातातून परत घेतला. "दीड वीत. मध्यावर दीड वीत आत गेलीय रेघ. मी दरवर्षी जुन्या रेघेवरूनच नवी मारत गेलो. तीस वर्षं कुणी म्हणालं नाही हो. पंच येऊन गेले, कुणी म्हणालं नाही. आणि तुमचे सासरे नुसता डोळा मिटून सांगतात." त्याने शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "सगळं मैदान नव्याने आखावं लागणार. माझ्या एकट्याच्याने कोपरे काटकोनात येत नाहीत. ते येतील का, विचारता?"

मी म्हटलं, "तुम्हीच विचारा. घर मागेच आहे."

आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी एका पँटची उंची कमी करत होते. अर्ध्या तासाने दोघं दुकानासमोरून गेले, मामंजी पुढे आणि कासव मागे. मामंजींच्या खांद्यावर दोरीचं भेंडोळं होतं. जाता जाता ते मलाच म्हणाले, नवऱ्यामार्फत नाही, "जेवायला थांबू नका."

तीन दिवस ते आखत होते. संध्याकाळी मामंजी घरी आले की पाय धुवायच्या आधी कासवाची गाऱ्हाणी सुरू. तो किती हळू चालतो, खुंटी कशी तिरकी ठोकतो, प्रत्येक माप दोनदा घ्यायला लावतो, आणि रेघा निळ्या रंगाच्या मारू म्हणतो. "रग्बीच्या निळ्या, आपल्या पांढऱ्या. म्हणजे खेळाडूंचा घोटाळा नको. आता यात डोकं आहे, पण ते मी त्याला सांगणार नाही." नवरा माझ्याकडे बघून ओठ मिटून हसला. इतकं बोलताना त्याने वडिलांना बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

सभेला एकतीस जण आले. बरीच उलटसुलट चर्चा झाली. कुणी म्हणालं आपली ओळख पुसली जाईल, कुणी म्हणालं इतक्या लांब कोण येणार. एकाने रग्बीवाले उर्मट असतात असं सांगितलं, तेव्हा दुसरा म्हणाला की आपल्याच घरात एक रग्बीवाला आहे आणि ते खरं आहे. मग मी मामंजींकडे पाहिलं. ते उभे राहिले.

"गवत वाईट आहे," ते म्हणाले. "पाण्याला लोखंडाची चव आहे. तिथला माणूस खेचरासारखा हट्टी आहे. मी दोन बोटं म्हणतो, तो चार म्हणतो. तीनवर आलोय, आणि दोघांनाही ते पसंत नाही." सभेत हशा पिकला. ते हसले नाहीत. "पण मैदान सपाट आहे आणि आता सरळही आहे. आपण जावं असं मला वाटतं." आणि त्यांनी हात वर केला.

मी हात मोजले. एकवीस बाजूने, नऊ विरुद्ध. एक जण झोपला होता.

पहिल्या रविवारी आमचा सामना बरोबरीत सुटला. तीन बोटांच्या गवतात चेंडू अधूनमधून थबकायचा आणि दोन्ही संघांचे खेळाडू त्याच्या पुढे धावत जायचे. रग्बीवाले आठ-दहा जण बघायला आले होते आणि चुकीच्या वेळी टाळ्या वाजवत होते. कुणी जरा पायात पाय अडकून पडलं की त्यांना वाटे आता खरी मजा सुरू होणार, आणि पंचाची शिट्टी वाजली की ते हिरमुसत. आमचे नऊ विरोधकही आले होते. त्यांतला एक सामना संपल्यावर फाटकाशी मला म्हणाला, "लांब आहे, पण बरं आहे." मी त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण बघितलं आणि सोमवारी घेऊन ये म्हटलं.

त्या गुरुवारी दातांची डॉक्टर दुकानात आली. यावेळी पिशवी नव्हती.

"शनिवारी आमचे दोन जण कमी आहेत," ती म्हणाली. "तुमच्या मिस्टरांचे हात चांगले आहेत. मी रविवारी पाहिलं. वरून येणारा चेंडू सोडत नाहीत."

"त्याचा खांदा एकदा निखळलाय."

"दुसरा आहे ना," ती म्हणाली. मग जरा ओशाळून, "नाही, खरंच, खांदा तपासून घेऊ. मागेच उभं करू त्यांना."

मी म्हटलं त्यालाच विचारा. वाटलं, नाही म्हणेल. तो शनिवारी दुपारी गेला आणि दिवेलागणीला परत आला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, एक कान टमाट्यासारखा लाल, आणि त्या चिखलात दात तेवढे पांढरे दिसत होते. मी ते पटकन मोजून घेतले. सगळे होते.

मामंजी पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं. "जिंकलात?"

"छे. धुतलं आम्हाला."

"मग दात काय काढतोस?"

"पुढच्या शनिवारी परत बोलावलंय," तो म्हणाला आणि दारातच बूट काढायला वाकला.