मागच्या रांगेतला आरसा

डोळे मिटा बरं क्षणभर. एक मोठं अंगण मनात आणा. त्यात पुरुषभर उंचीचे वीसेक आरसे रांगेनं उभे आहेत, सगळ्यांची तोंडं एका खांबाकडे. खांबावर काळा बंब. प्रत्येक आरसा आपल्या वाटचं ऊन त्या बंबावर टाकतो आणि आतल्या पाण्याची वाफ होते. ती वाफ आधी विजेचं चाक फिरवते, मग खाली उतरून इस्पितळाच्या चादरी धुते. दिसलं? मग आरशांमधून हिंडणारा म्हाताराही दिसेल. सूर्य सरकला की तो एकेका आरशाची मूठ हलकेच फिरवतो. उभा जन्म त्याचा असा सूर्यामागे गेला.

आज त्याच्या मागे त्याची नात होती आणि नातीच्या मागे तपासनीस बाई.

"आजोबा, वाफ कमी पडतेय," बाई म्हणाल्या. "जेवढं ऊन पडतं, तेवढं कामाला लागत नाही. आजही वाफेचा काटा खुणेपर्यंत चढला नाही, तर इस्पितळ पुन्हा तेलाचा बंब लावणार. हे सगळं भंगारात."

"धूळ असेल. पुसतो."

"सकाळीच तर पुसलेत सगळे!" नात म्हणाली. "पण तो मागचा बघा ना, भलतीकडेच तोंड करून बसलाय. रुसलाय का?"

"ठमे, तुझं तोंड आवर आधी."

पण बाईंनी मान वळवलीच. मागच्या आरशाचं ऊन बंबावर नव्हतंच. ते अंगण ओलांडून कामगारांच्या खोल्यांकडे गेलं होतं आणि एका खिडकीतून आत शिरलं होतं.

"तिथं कोण राहतं?"

"आमचं बिऱ्हाड." आजोबांनी कोरडंच फडकं पिळलं. "हिची आजी अंथरुणाला खिळलीय. खोलीत उन्हाची तिरीप येत नाही. म्हटलं, एवढ्यांतला एक..."

बाई हळूच म्हणाल्या, "आजोबा, कुणाला सांगणार नाही मी. पण काटा तेवढ्यासाठीच अडलाय हो."

"कळतंय, बाई."

आजोबांनी स्वतःच मूठ धरली. खिडकीतलं ऊन चौकटीवरून घसरलं, भिंतीवरून वर गेलं आणि बंबावर जाऊन बसलं. थोड्या वेळानं चाकाचा आवाज भरदार झाला. काटा खुणेला टेकला. बाईंनी हसून मान डोलावली. आजोबांना मात्र हसू आलं नाही.

"अहो," खिडकीतून आजीचा बारीक आवाज आला, "ढग आलेत का?"

आभाळ धुतल्यासारखं निळं होतं.

"हो गं," आजोबा म्हणाले. "आलेत थोडे."

नातीनं आभाळाकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं, आणि घरात धूम ठोकली. बाहेर आली ती जेवणाचं सगळ्यांत मोठं, चकचकीत ताट घेऊन.

"अगं कार्टे, ते कशाला?"

"थांबा हो जरा!"

तिनं ताट सूर्याकडे तिरकं धरलं. ताटातलं ऊन आधी छपरावर गेलं, मग बाईंच्या नाकावर. बाईंना शिंक आली. शेवटी कवडसा थरथरत खिडकीत शिरला.

"गेले वाटतं ढग," आजी आतून म्हणाली.

आजोबा पाठ फिरवून उगाच एक स्वच्छ आरसा पुसत राहिले. तेवढ्यात सूर्य जरासा सरकला, कवडसा चौकटीकडे कलला. नातीनं ताट दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि ती एक पाऊल बाजूला झाली.